कानातली बोंडं

"ताई, नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यातला कास्तकार. सहा एकर वावर, वय छप्पन. गावच्या भजन मंडळात तीस वर्षांपासून खंजिरी वाजवतो. पोरगी अमरावतीले बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाले आहे, दिवाळीपासून घरी आली. दिवसभर कानात बोंडं घालून राहते अन् कोरियातले, अरबातले, कुठकुठले गाणे ऐकते. परवा सीतादहीची पूजा करून कापसाची वेचणी सुरू केली, तं ते पण वावरात आली. बायांनी दोनदा आवाज देल्ला, हिले ऐकूच नाही गेला. माह्या डोक्यात राग गेला. सगळ्यांसमोर म्हतलं, 'भाषा समजत नाही अन् काय ऐकून रायली? वेड लागलं का तुले?' तं ते म्हणे, 'बाबा, तुमच्या भजनातलं हिंदी आजीले तरी समजते का? तरी डोलतेच ना!' बाया हासल्या. मी चूप झालो. तवापासून घरात गाणं नाही अन् बोलणं पण नाही. मले दोन गोष्टी सांगा. एक, पोरगी हाताबाहेर तं नाही जाऊन रायली? दुसरी, जगातले असे दहा-बारा गाणे सांगा का जे माह्यासारख्या माणसाले समजतीन. म्हणजे तिच्यासंग चार शब्द बोलता येतीन. — एक बाप"

भाऊ,

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा हसू आलं. त्या पांढऱ्या इयरबड्सना काय म्हणावं हे मला आजवर सुचलं नव्हतं, तुम्ही 'बोंडं' लिहून मोकळे झालात. दुसऱ्यांदा वाचताना 'बाया हासल्या, मी चूप झालो' इथं थांबले.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर चटकन देते. सुटीत घरी येऊन वेचणीला वावरात उतरणारी मुलगी हाताबाहेर गेली असेल, तर हातात राहिलेल्या मुली कशा असतात ते मला एकदा दाखवा. तिनं उलट उत्तर दिलं हे खरं. पण ते उत्तर बरोबर होतं, म्हणून तुम्हाला लागलं. चुकीचं असतं तर तुम्ही तिथंच चार शब्द सुनावून पुढच्या ओळीला लागला असता.

आणि हो, गाण्यांच्या आडून तिची माफी मागू नका. आपल्याकडच्या बापांची ही सवय मला चांगली ठाऊक आहे. बोलायचं नाही, फक्त जाताजाता जिलबीचा पुडा आणून ओट्यावर ठेवायचा. गाणी म्हणजे जिलबीचा पुडा नाही. "वावरात बायांसमोर बोललो ते चुकलं" एवढं एक वाक्य आधी बोला, मग फोन हातात घ्या.

आता आजीचं हिंदी. तुकडोजी महाराजांनी मराठीत लिहिलं तसं हिंदीतही भरपूर लिहिलं, हे तीस वर्षं खंजिरी वाजवणाऱ्याला मी काय सांगू. आजीला त्यातले निम्मे शब्द कळत नसतील, पण थाप पडली की मान हलते. १९५५ साली महाराज विश्वधर्म परिषदेसाठी जपानला गेले, तेव्हा खंजिरी सोबत होती. तिथं बसलेल्या माणसांपैकी किती जणांना आपली भाषा येत असेल? यावलीच्या माणसाची खंजिरी जपान्यांनी ऐकली याचा आपल्याला अभिमान वाटतो, आणि कोरियाचा पोरगा यवतमाळच्या वावरात ऐकू आला की ते वेड? थोडा विचार करा.

मी स्वतः अशी एकदा मार खाल्लेली बाई आहे. नववीत होते. घरी मोठा लाकडी रेडिओ होता, त्याला हात लावायची परवानगी फक्त आमच्या बाबांना. ते बाजाराला गेले की मी शॉर्टवेव्हची सुई हळूहळू फिरवत बसायची. खरखर, शिट्ट्या, चिनी, रशियन, पुन्हा खरखर, आणि एका दुपारी अचानक एका बाईचा आवाज. जाड, भरदार, जरासा पुरुषी म्हणावा असा. मागे भलामोठा वाद्यवृंद. ती एकच ओळ म्हणायची, लोक ओरडायचे, ती तीच ओळ पुन्हा म्हणायची, पण वेगळी. पुन्हा लोक ओरडायचे. मला वाटलं कीर्तन चाललंय! बाबा कधी आले कळलंच नाही. पाठीत धपाटा बसला तेव्हा कळलं. त्या बाईचं नाव समजायला मला तीस वर्षं लागली: उम्म कुलसुम, इजिप्तच्या. दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी रात्री त्यांची मैफल रेडिओवरून जायची आणि सगळं अरब जग रेडिओला चिकटून बसायचं. १९७५ साली त्या गेल्या तेव्हा कैरोत अंत्ययात्रेला लाखो लोक रस्त्यावर उतरले होते.

म्हणून तुमच्या यादीतलं पहिलं नाव त्यांचं. 'इंता उमरी', म्हणजे 'तूच माझं आयुष्य'. मोहम्मद अब्देल वहाब यांची चाल, १९६४ सालचं गाणं. तासाभराचं आहे, घाबरू नका. हे घरात बसून ऐकायचं गाणं नाही. हरभऱ्याला ओलीत करायला रात्रीची लाईन येते ना, तेव्हा दांडावर बसून ऐका. नुसतं वाद्यवृंदाचं वाजणंच बराच वेळ चालतं, तोवर पाणी दोन सऱ्या पुढे गेलेलं असतं. मग ती येते. शब्द शोधू नका. एक ओळ ती किती तऱ्हांनी म्हणते तेवढंच मोजा. तुम्ही भजनात धृपदाला परत येता तेव्हा प्रत्येक वेळी थाप थोडी बदलता की नाही? तेच आहे हे. फरक इतकाच की आपल्या मंडळात तिसऱ्यांदा म्हटलं की कोणी तरी घड्याळाकडे बघतो.

पण तुमचं खरं गाणं ते नाही. तुम्ही पऱ्हाटीवाले. तुमच्यासाठी मी अमेरिकेतला कापूस काढून ठेवलाय.

तिकडे दक्षिणेत मिसिसिपी नावाचं राज्य आहे, काळीभोर गाळाची जमीन, मैलोन्‌मैल कापूस. तो कापूस आफ्रिकेतून धरून आणलेल्या गुलामांनी लावला आणि वेचला. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, तेव्हा साहेबांनी नजर आपल्या वऱ्हाडाकडे वळवली. तिकडच्या आगीनं इकडे भाव चढले. १८६७ ला रेल्वे नागपूरला पोचली, कापसाच्या गाठी मुंबईच्या बंदराकडे जायला लागल्या. म्हणजे त्यांचं आणि आपलं नातं गाण्याच्याही आधीचं आहे. युद्ध संपलं, गुलामी कायद्यानं गेली, पण जमीन मालकाचीच राहिली. मग बटई. बी-बियाणं मालकाच्या दुकानातून उधार, वर्षभराचं किराणा त्याच वहीत, आणि हंगाम संपला की हिशेबात दरवेळी आपलंच देणं निघतं. ही गोष्ट मी तुम्हाला समजावून सांगायची गरज आहे का?

त्या माणसांच्या गाण्याला ब्लूज म्हणतात. त्याची बांधणी अगदी साधी. एक ओळ म्हणायची, तीच ओळ पुन्हा म्हणायची, आणि तिसऱ्या ओळीत तिला जबाब द्यायचा. दोनदा ओळ ऐकेपर्यंत ऐकणारा विचार करतो, 'मग पुढं काय?', आणि गाणाराही तेवढ्यात पुढचं रचून घेतो. दंडारीत झीलकऱ्यांच्या भरवशावर शाहीर दम घेतो, तसंच. फक्त इथं झीलकरी माणसं नसतात, गिटार झील धरते. माणूस गातो, थांबतो, गिटार उत्तर देते. एकदा हे कानाला कळलं की इंग्रजी येवो न येवो, तुम्ही आत शिरलात.

आता बोंडअळी. १८९२ च्या सुमारास मेक्सिकोतून एक सोंडकिडा अमेरिकेत घुसला. आपल्या गुलाबी बोंडअळीसारखी ती अळी नव्हे, सोंडेचा बारका भुंगा, पण काम तेच. बोंड आतून पोखरायचं. पुढची तीसेक वर्षं तो राज्यामागून राज्य खात गेला. २०१७ साली आपल्याकडे गुलाबी अळीनं जे केलं ते आठवा आणि ते तीस वर्षं चाललंय असं समजा. त्या लोकांनी काय केलं? त्या किड्यावर गाणी रचली. चार्ली पॅटन नावाच्या गड्यानं १९२९ साली 'मिसिसिपी बो विव्हिल ब्लूज' तबकडीवर म्हटलं. कंपनीनं तबकडीवर त्याचं नाव न छापता 'मास्क्ड मार्व्हल' एवढंच छापलं, म्हणजे मुखवट्यातला चमत्कार, आणि लोकांना म्हटलं ओळखा कोण ते. आवाज असा की घशात वाळू भरलीय. तबकडी जुनी, तव्यावर फोडणी तडतडावी तशी खरखर. म्हणून आधी ते लावू नका. आधी लेड बेली नावाच्या गायकाचं 'बोल वीव्हिल' लावा, ते स्वच्छ आहे. त्यात शेतकरी आणि किडा चक्क बोलतात. किडा काय म्हणतो? मी आपला घर शोधतोय. बस. ना दया, ना माया, तो आपला राहायला जागा बघतोय. मी पहिल्यांदा अर्थ कळल्यावर हसले आणि मग बराच वेळ काही बोलू शकले नाही.

अलाबामात एंटरप्राइज नावाचं गाव आहे. कापूस गेला म्हणून तिथले लोक नाइलाजानं भुईमुगाकडे वळले आणि भुईमुगानं त्यांना हात दिला. तर त्यांनी १९१९ साली भर चौकात त्या किड्याच्या नावानं स्मारक उभारलं. एवढी चेष्टा करायची हिंमत आपल्यात नाही, आणि खरं सांगायचं तर आपल्याला तसा भुईमूगही अजून सापडलेला नाही. सोयाबीनचं काय झालं ते तुम्ही बघताच आहात.

ब्लूजमधलं आणखी एक नाव सांगते. बी. बी. किंग. १९२५ चा जन्म, मिसिसिपीतलाच, लहानपणी कापूस वेचलेला. त्याच्या गिटारीचं नाव ल्युसिल. झालं असं की १९४९ साली आर्कान्सात एका लाकडी नाचघरात तो वाजवत होता. थंडी होती म्हणून मधोमध रॉकेलचं पिंप पेटवून ठेवलेलं. दोन गडी एका बाईवरून भांडले, पिंप लवंडलं, आग लागली. सगळे पळाले, हाही पळाला, आणि बाहेर आल्यावर गिटार आतच राहिली म्हणून पुन्हा आगीत शिरला. नंतर कळलं की ज्या बाईवरून भांडण झालं तिचं नाव ल्युसिल. त्यानं गिटारीला तेच नाव दिलं, आणि पुढच्या प्रत्येक गिटारीला तेच. आपण नाही का, पहिली जोडी गेल्यावर नव्या जोडीलाही सर्जा-राजाच म्हणत राहतो. त्याचं 'द थ्रिल इज गॉन' लावा. ते कापसाचं नाही, आटलेल्या प्रेमाचं आहे, पण गिटार अशी बोलते की बैलाच्या डोळ्यातलं पाणी आठवतं.

यादी लांबत चाललीय, पण एका माणसाला मी गाळू शकत नाही, कारण तो कास्तकार होता. अली फार्का तूरे, आफ्रिकेतल्या माली देशातला. नायजर नदीच्या काठचं निआफुंके हे त्याचं गाव, तिथं त्याची भाताची शेती. हा माणूस जगभर कार्यक्रम करायचा आणि परत येऊन शेतात उतरायचा. १९९४ साली राय कूडर या अमेरिकन गिटारवाल्याबरोबर त्यानं 'टॉकिंग टिंबक्टू' नावाचा गाण्यांचा संच काढला, त्याला ग्रॅमी हा संगीतातला मोठा पुरस्कार मिळाला. त्यानंतरच्या संचाचं ध्वनिमुद्रण करायचं ठरलं तर हा गाव सोडून यायला तयार नाही, शेतीची कामं होती. मग शहरातले लोकच जनरेटर आणि यंत्रं घेऊन त्याच्या गावी गेले आणि कामातून त्याला फुरसत मिळेल तेव्हा ध्वनिमुद्रण झालं. त्या संचाचं नावही 'निआफुंके'. २००४ साली तो गावाचा महापौर झाला, पदरचे पैसे घालून रस्ते, नाल्या, वीज केली. २००६ मध्ये वारला. आमच्या तालुक्यातल्या एका माजी सरपंचाला मी ही गोष्ट सांगितली तर ते म्हणाले, "पदरचे? मग निवडून कशाले आला?"

त्याचं 'आई दू' हे गाणं तुमच्या खंजिरीवर बसतं का बघा. संथ, एकाच जागी फिरत राहणारं, मळणीच्या बैलासारखं. लोक म्हणतात मालीतलं हे संगीत म्हणजेच ब्लूजचं माहेर. गुलाम इथून गेले, सूर सोबत गेले. तुम्ही लेड बेली आणि हा, असे दोघे लागोपाठ ऐका म्हणजे कोणी सांगायची गरज उरणार नाही.

मग थोडं समुद्राकडे. आफ्रिकेच्या पश्चिमेला केप व्हर्दे नावाची बेटं आहेत, कोरडवाहू, दुष्काळी. पोर्तुगीजांच्या राज्यात तिथली माणसं कंत्राटावर लांबच्या साओ तोमे बेटावर कोकोच्या मळ्यात मजुरीला जायची. तिथल्या सेझारिया एव्होरा या बाईंनी 'सोदाद' नावाचं गाणं म्हटलं, १९९२ साली ते जगभर गेलं, तेव्हा त्यांनी पन्नाशी गाठली होती. मंचावर त्या अनवाणी उभ्या राहायच्या. सोदाद म्हणजे गेलेल्या माणसाची, सुटलेल्या गावाची हुरहूर. त्यांच्या भाषेतल्या या शब्दाला आपल्याकडे नेमका शब्द नाही, पण माणसं आहेत. गडचिरोली-चंद्रपूरकडून मिरची तोडायला तेलंगणात जाणाऱ्या बायांचा टेम्पो पहाटे सुटतो, तेव्हा मागं राहिलेली म्हातारी दारात उभी असते ना, ती सोदाद. हे गाणं मात्र कानात बोंडं न घालता ऐका, घरात सगळ्यांनी मिळून.

आणि आता ज्यावरून भांडण झालं तो कोरिया. तुमची पोरगी ऐकते ती गाणी मला सगळी आवडतात असं मी म्हणणार नाही. बरीचशी मला एकसारखी वाटतात. पण त्या पोरांच्याही मागे एक जुनं गाणं उभं आहे, 'आरिरांग'. आरिरांग ही एक खिंड आहे. ती ओलांडून प्रियकर निघालाय, आणि मागे राहिलेली म्हणते, मला टाकून जाणाऱ्याचे पाय दहा ली जायच्या आतच दुखू देत. दहा ली म्हणजे आपले चारेक किलोमीटर. काय सुंदर शाप आहे! मरू दे म्हणत नाही, फक्त पाय दुखू दे, म्हणजे परत येशील. आपल्या जात्यावरच्या बायांना हे पटलं असतं. या गाण्याची गावोगाव वेगवेगळी रूपं आहेत, हजारोंनी. कोरियाचे दोन तुकडे झाले, पण युनेस्कोनं वारसा म्हणून हे गाणं २०१२ मध्ये दक्षिणेच्या नावानं आणि २०१४ मध्ये उत्तरेच्या नावानं, दोन्हीकडून नोंदवलं. आणि गंमत म्हणजे 'आरिरांग' या शब्दाचा पक्का अर्थ खुद्द कोरियन माणसालाही सांगता येत नाही. आपल्या गोंड बांधवांच्या गाण्यात 'रेला रेला' येतं, ते कोणी शब्दकोशात शोधायला जातं का? पाय आपोआप उचलतात.

पोरीला विचारा, "बीटीएसवाल्यांनी आरिरांग म्हटलंय, ते आहे का तुझ्यापाशी?" बीटीएस म्हणजे कोरियातल्या पोरांचा गाणारा गट, २०१६ साली पॅरिसमधल्या कार्यक्रमात त्यांनी ते म्हटलं होतं. तिच्या तोंडाकडे बघा त्या वेळी. पण हे माझ्याकडून कळलं असं सांगा, उगीच आपणच शोधून काढलं असा आव आणू नका. या वयाच्या मुलींना आव लगेच वास मारतो.

बाकीचं भराभर सांगते. नुसरत फतेह अली खानांची कव्वाली तुम्हाला जड जाणार नाही, उरसात कव्वाली ऐकतच मोठे झालेलो आपण. बल्गेरियाच्या वाल्या बाल्कान्स्का या बाईंचं एक डोंगरातलं गाणं आहे, सोबत बकऱ्याच्या कातड्याच्या पिशवीचं वाद्य वाजतं. आवाज असा धारदार की दोन टेकड्यांपलीकडच्या गुराख्याला ऐकू जावा. नाव बोलायला अवघड आहे, 'इझलेल ये देल्यो हायदुतिन', पोरीकडून शोधून घ्या. हेवी मेटल नावाचा प्रकार मला आजतागायत पचलेला नाही. तो तुम्हालाही पचला नाही तर तिला तसं सांगायला हरकत नाही. "आवडलं नाही" म्हणणं वेगळं आणि "वेड लागलं का" म्हणणं वेगळं.

त्या बल्गेरियन गाण्याची एक गोष्ट राहिली. १९७७ साली अमेरिकेनं व्हॉयेजर नावाची दोन यानं आकाशात सोडली. त्यांच्यावर सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तबकडी आहे, पृथ्वीवरचे सूर त्यात भरलेले, कधीकाळी कोणी भेटलंच तर ऐकवायला. सगळं मिळून दीड तास, रचना २७. तुम्ही माझ्याकडे दहा-बारा मागितलीत, त्यांनाही अख्ख्या जगातून मोजकीच निवडायची होती, काय भांडले असतील! त्यात हे बल्गेरियन गाणं आहे, जर्मनीचा बेथोव्हेन आहे, ब्लाइंड विली जॉन्सन नावाचा एक आंधळा ब्लूजवाला आहे, जो त्या गाण्यात शब्दच म्हणत नाही, नुसता कण्हत गुणगुणतो. आणि आपल्या गायिका केसरबाई केरकर आहेत, भैरवीतलं 'जात कहाँ हो'. साडेतीन मिनिटं. ही तबकडी शोधता शोधता त्या लोकांच्या नाकी नऊ आले होते. शेवटी न्यूयॉर्कमधल्या एका भारतीय कुटुंबाच्या दुकानात, मागच्या बाजूला टेबलाखालच्या खोक्यात सापडली. दुसरं यान उडालं त्याच महिन्यात केसरबाई वारल्या. आज तो आवाज ताऱ्यांच्या मधल्या पोकळीत आहे. तिथं कोणाला ब्रजभाषा येते, सांगा बरं?

आता ऐकायचं कसं, हे सांगते, कारण सगळा घोळ तिथंच होतो. एका रात्रीत बारा गाणी ऐकू नका. एक गाणं, तीन वेळा, तीन दिवसांत. पहिल्या दिवशी फक्त मांडीवर ताल धरा. तुम्ही खंजिरीवाले, तुमचा हात कानाच्या आधी समजतो. दुसऱ्या दिवशी आवाज ऐका, माणूस रडतोय, रागावलाय की नुसता थकलाय. तिसऱ्या दिवशी पोरीला विचारा, यात म्हणतात काय? त्याआधी विचारू नका. अर्थ आधी कळला की माणूस गाणं ऐकत नाही, अर्थ तपासत बसतो. इंग्रजीत नाव लिहिता आलं नाही तर यूट्यूबवर माईकचं चित्र दाबून नाव बोला, चालतं. गावात रेंज नसेल तर तालुक्याला गेलात की उतरवून ठेवा. आणि स्पीकर विकत आणायच्या भानगडीत पडू नका, फोन रिकाम्या पितळी गंजात उभा ठेवा, आवाज असा घुमतो की आजी स्वयंपाकघरातून बाहेर येईल.

देवाणघेवाण बरोबरीची ठेवा. तिनं एक दिलं की तुम्ही एक द्या, आणि गाणं संपेस्तोवर दोघांनीही तोंड उघडायचं नाही. तुमच्याकडं द्यायला काय कमी आहे? ती अमरावतीत शिकते, तर सुरेश भट त्याच गावचे, हे तिला ठाऊक आहे का विचारा. वसंतराव देशपांडे मूर्तिजापूरला जन्मले. अमरावतीहून अकोल्याकडे जाणाऱ्या गाडीच्या खिडकीतून ते स्टेशन तिला दिसत असेल, पण त्यांची तान तिनं कधी ऐकलीय का? पोळ्याच्या झडत्या तुम्हाला पाठ असतील. आणि सगळ्यात आधी आजीला बसवा. भुलाबाईची गाणी तिच्याकडून म्हणून घ्या आणि पोरीला सांगा फोनमध्ये भरून घे. हे काम तिनंच करायचं, कारण यंत्र तिचं. आजीचे दात गेले असतील, शब्द निसटत असतील, तरी मधे बोलू नका, विसरली तर विसरू द्या. यूट्यूबवर जगातलं सगळं मिळतं, तुमच्या आईच्या तोंडचं मिळत नाही.

एवढं झालं की एका सकाळी वेचणीला जाताना तिला म्हणा, आज ते किड्याचं गाणं लाव, बोंडं काढून. फोन धुऱ्यावर गंजात ठेवा. बायांना अर्थ तिलाच सांगू द्या, तुम्ही ओटी बांधून वेचत राहा. त्या दिवशी हसल्या त्याच बाया असतील. किडा घर शोधतोय म्हटल्यावर त्या काय म्हणाल्या, ते मला पोस्टकार्डावर कळवा. मोबाइलवर नको, माझा नंबर मलाच पाठ नाही.

तुमची,
ताई